नत्थुजी मास्तरांची चाल

पत्र इंदूनं फोडलं. गोवर्धन अढाऊ कचेरीतून घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती, आणि तिनं चपला काढायचीही उसंत दिली नाही.

"तुमचे ते अमरावतीचे मास्तर गेले वाटते," ती म्हणाली. "सभा हाय इतवारी. तुमाले बोलाले बलावलं."

गोवर्धननं पत्र वाचलं. नाट्यमंडळाचे चिटणीस किसनराव यांचं ते पत्र होतं. नत्थुजी ढवळे मास्तरांना जाऊन बावीस दिवस झाले होते. बावीस दिवस तो रोज कचेरीत जात होता, सात-बाराचे उतारे काढत होता, संध्याकाळी अकोल्यातल्या मोर्णा नदीच्या काठानं घरी येत होता, आणि मास्तर या जगात नव्हते. गेली तीन वर्षं तो त्यांना भेटायला गेला नव्हता. बदनेऱ्यापर्यंत कामानिमित्त दोनदा गेला, तिथून अमरावती ती किती, पण पाय वळला नाही.

"मी बी येते," इंदू म्हणाली. "नलूले आत्याबाईजवळ ठिवू. तुमाले एवढ्या मानानं बलावलं अन् मी अजून अमरावती पायली नाही."

एकटाच जातो, असं तो म्हणणार होता, पण कारण काय सांगणार? लग्नाला पाच वर्षं झाली होती. इंदू बाळापूरजवळच्या एका खेड्यातली, चार इयत्ता शिकलेली. 'शिकत असताना नाटकात होतो' एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं. काय काम करत होता, असं तिनं एकदा विचारलंही होतं. तो म्हणाला होता, "लहानसहान."

ते खोटं होतं. एक काळ असा होता, की अमरावतीत गोवर्धन अढाऊचं नाव भिंतीवरच्या जाहिरातीत मास्तरांच्या नावाखालोखाल लिहीत. तो बायकांची कामं करायचा.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरमध्ये इंदूला खिडकीची जागा मिळाली. मूर्तिजापूरपर्यंत ती बाहेरची कपाशी पाहत होती आणि गोवर्धन समोरच्या बाकाखालची ट्रंक. आता सांगावं, असं त्याला दर स्टेशनला वाटे आणि गाडी हलली की ते मागं पडे. डब्यात बाजूला चार माणसं बसली होती. असल्या गोष्टी चार माणसांत सांगता येत नाहीत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

तो अमरावतीला आला त्रेपन्न साली, एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजात शिकायला. बाप शेषराव मोर्णेकाठी भाजीचा मळा करायचा आणि आई भागीरथा डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसायची. राजापेठेतल्या त्याच्या खोलीशेजारी एक आखाडा होता, आणि आखाड्यामागच्या लांबट खोलीत नत्थुजी मास्तरांचा नाटकाचा वर्ग भरे. पुढं लाल मातीत पोरं दंड थोपटायची आणि मागं मास्तर कुणाला तरी लुगडं नेसवत असायचे. तिथल्या कुणाला याचं नवल वाटत नसे.

मास्तर तेव्हा साठीला टेकले होते. अंगानं स्थूल, आवाज मात्र अजून वाऱ्यावरून आल्यासारखा हलका. तरुणपणी एका फिरत्या नाटक मंडळीत त्यांनी अकरा वर्षं नायिका केल्या होत्या. त्या अकरा वर्षांत भुवया इतक्या वेळा कोरल्या, की पुढं त्या पुन्हा नीट उगवल्याच नाहीत. कपाळाखाली दोन पुसट रेघा तेवढ्या दिसत. वर्ग घ्यायचे ते मात्र जीव ओतून. सकाळी सहाला दार उघडं. कुणी एक जण आला तरी शिकवणार, दहा आले तरी शिकवणार, आणि कुणीच आलं नाही तर एकटेच नाटकाची हाती लिहिलेली नक्कल मोठ्यानं वाचत बसणार.

त्या काळी गावातली बाई रंगमंचावर उभी राहत नसे. मास्तरांनी गोवर्धनला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुह्या मानेत लोच हाय. तुले बाईचं काम देतो. लाजशील तं आताच जाय."

तो गेला नाही.

मास्तरांची शिकवणी निराळी होती. त्यांनी त्याला आरशापुढं कधी उभं केलं नाही. इतवाऱ्याच्या भाजीबाजारात पाठवलं. "एक बाई निवड. तिच्याकडं टक लावू नको, पन तिले पाह्य. ओझं कुठं घेते, दम कुठं खाते, पैसे मोजताना मान कुठं असते." गोवर्धननं पहिल्यांदा मुरकून दाखवलं तेव्हा मास्तर इतके चिडले, की त्यांनी हातातली नक्कल त्याच्या अंगावर फेकली. "अरे, बाईले दिवसभर काम असते! तिले नखरे कराले सवड कुठं हाय? काम कर. बाई आपोआप दिसंन."

मग गोवर्धन लुगडं नेसून आखाड्याच्या विहिरीचं पाणी भरू लागला. रोज तासभर, सहा महिने. बाजारात पाहिलेल्या बायका हळूहळू गळत गेल्या आणि उरली ती एकच चाल. ती कुणाची, हे त्याला स्वतःला कळलं नव्हतं. ते कळलं अकोल्याला.

पंचावन्न साली त्यांचं नाटक अकोल्यात झालं. एका टाकलेल्या बाईची गोष्ट होती. दुसऱ्या अंकात ती विहिरीवरून भरला हंडा घेऊन येते आणि तिला दारात नवऱ्याची दुसरी बायको दिसते, असा प्रवेश होता. हा प्रवेश बघायला लोक दुरून येत. शेषराव मळ्यातलं काम टाकून पोराचं नाटक पाहायला आला, पुढच्या ओळीत बसला. गोवर्धन हंडा घेऊन आला तशी मागून कुणी तरी शीळ घातली, मग आणखी दोघा-तिघांनी. शेषराव उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मळ्यात त्याची गाठ पडली. शेषराव वांग्याच्या वाफ्यात वाकला होता. त्यानं मान वर केली नाही.

"तिथं तुही माय चालत होती," तो म्हणाला. "हुबेहूब. अन् लोकं शिट्या मारून राह्यले होते. तुले समजते का म्या काय पायलं ते?"

 पुढं सहा वर्षं, लग्न ठरेपर्यंत, बाप त्याच्याशी कामापुरतंच बोलला.

अमरावतीत मात्र त्याचं नाव होत गेलं. बी. ए. झाला, कचेरीत कारकुनी लागली, आणि ते होता होता एक गोष्ट झाली. तालीम संपली, लुगडं सोडलं, तोंड धुतलं, की बाई उतरायला हवी. ती उतरेना. कचेरीत साहेबांपुढं कागद नेताना उजवा हात खांद्याकडं जाई, तिथं नसलेला पदर सावरायला. जिना चढताना डाव्या हाताची चिमूट धोतराला लागे. हेडक्लार्क महादेवराव सगळ्यांदेखत म्हणत, "बाई, चहा सांगा बरं तीन." सगळे हसत. तोही हसे. चहा सांगायला जाताना मात्र त्याची पाठ ताठ होई, आणि पाठ ताठ केली की चाल आणखीच बिघडे. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी झाली. दोन्हीकडून एकच निरोप आला, मुलाचं नाटक आम्ही पाहिलं आहे.

मास्तरांना हे सांगायची त्याची हिंमत नव्हती. स्पर्धेत बक्षीस मिळालं त्या दिवशी मास्तरांनी त्याला छातीशी धरलं होतं आणि लहान मुलासारखे रडले होते. एवढा आनंद ज्याला आपल्यामुळे झाला, त्याच्यापुढं तक्रार कशी करणार?

अठ्ठावन्न सालच्या शेवटी सत्यभामा आली. मुलींच्या शाळेत शिकवायची. वडील नव्हते आणि भीती नव्हती. "बायकांचं काम बाईच करीन," असं तिनं किसनरावांना सरळ सांगितलं. मंडळाला हेच पाहिजे होतं, कारण मोठ्या गावांच्या नाटकांतून आता बायका दिसू लागल्या होत्या आणि पुरुषानं लुगडं नेसलं की प्रेक्षक हसू लागले होते. सगळ्यांना वाटलं, गोवर्धनला वाईट वाटेल. त्याला त्या दिवशी किती मोकळं वाटलं, ते कुणालाच कळलं नाही. आता पुरुषाचं काम. नव्या नाटकात सत्यभामेच्या नवऱ्याचं काम त्यानं मागून घेतलं.

पहिल्या तालमीला तो दारातून आत आला, तीन पावलं चालला आणि म्हणाला, "मी आलोय." खोलीत कुणी तरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. त्यानं पुन्हा करून पाहिलं. पाय फाकवले, खांदे उडवले, आवाज घशात ओढला. आता तर तो पुरुषाचं सोंग आणणारी बाई दिसू लागला. सत्यभामा तेवढी हसली नाही. ती चांगल्या मनानंच म्हणाली, "भाऊ, तुमी माह्यापेक्षा चांगलं चालता. मले शिकवान का?"

त्या बोलण्यानं तो जेवढा मेला तेवढा हसण्यानं मेला नव्हता. आठवड्यात काम दुसऱ्याला दिलं गेलं. बाईचं काम सत्यभामेकडं, पुरुषाचं काम दुसऱ्याकडं, आणि तो पंचवीस वर्षांचा, कुठंच नाही.

खोली रिकामी झाल्यावर तो मास्तरांपुढं उभा राहिला. "तुमी मले कोंडलं," तो म्हणाला. "आत कसं जायाचं ते शिकवलं. बाहेर कसं यायाचं ते कोन शिकवंन? कचेरीत मले बाई म्हनते. बाप बोलत नाही. पोरगी कोनी देत नाही. तुमाले टाळ्या पायजे होत्या, भेटल्या."

मास्तर खाली बसून लुगड्याच्या घड्या घालत होते. त्यांनी घडी मोडली, पुन्हा घातली.  गोवर्धन दार आपटून गेला.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ते त्याच्या खोलीच्या दारात हजर. डोक्यावर काळी टोपी, हातात काठी. "चाल," म्हणाले. कुठं, ते सांगितलं नाही. चालत चालत त्याला कापसाच्या बाजारात घेऊन गेले. हमाल गाड्यांवरून कापसाची पोती उतरवत होते. मास्तर एका गाडीच्या जुवाला टेकून उभे राहिले. "पाह्य. ओझं घेतल्यावर नाही, खाली ठिवल्यावर पाह्य. रिकामा मानूस कसा चालते ते पाह्य."

असं रोज सुरू झालं. बाजार झाला की आखाडा. पोरं यायच्या आधी लाल मातीभोवती दोघं फेऱ्या मारत. चौथ्या की पाचव्या दिवशी गोवर्धन वैतागून मातीत बसला. "तुमी करून दाखवा."

"दाखवतो," मास्तर म्हणाले. त्यांनी काठी टाकली, टोपी नीट केली आणि चालू लागले. दहा पावलं गेले, वळले, परत आले. पुन्हा गेले. गोवर्धन पाहत होता. मास्तरांना जमत नव्हतं. साठी ओलांडलेला तो जाडजूड माणूस जीव तोडून हमालासारखं पाऊल टाकत होता, आणि प्रत्येक पावलात राणी होती. इतकी वर्षं हे त्याच्या डोळ्यांपुढं होतं. मास्तर असेच चालतात, म्हणून कुणी पाहिलंच नव्हतं.

मास्तर थांबले. धापा टाकत त्याच्याशेजारी मातीत बसले.

"एकोणतीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "अंग सुटलं, आवाज फाटला. मंडळीनं दुसरा पोरगा आणला. मी मालकाले म्हनलं, राजाचं काम द्या, शिपायाचं द्या. मालक म्हने, चालून दाखव. म्या चालून दाखवलं." पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. "घरी आलो. बायको होती. ती म्हने, अशा मानसासंगं मी नाही राहत. गेली. मंग म्या वर्ग काढला. कोनी भेटला की वाटे, याले तरी आपल्याहून मोठा करू. तुले मोठा केला रे. पन ज्या खोलीत मी, त्याच खोलीत तुले आणून बसवलं. दार मलेच ठाव नव्हतं, तं तुले काय दाखवू?"

"मंग हे कायले करून राह्यलो आपन?"

"दोघं मिळून शोधू," मास्तर म्हणाले. "मले नाही भेटलं तं नाही. पन तुले भेटंस्तोवर मी सोडनार नाही."

पावणेदोन वर्षं लागली. वर्गात दुसरे शिकायला येत, स्पर्धा येत, मास्तर आजारी पडत, पण पहाटेची फेरी चुकली नाही. काय बदललं, कधी बदललं, ते नेमकं सांगता येणार नाही. साठ सालच्या हिवाळ्यात मास्तरांनी एका नाटकात त्याला गाडीवानाचं काम दिलं. तीन वाक्यं. सामान आत आणून ठेवायचं, मालकाला निरोप सांगायचा आणि निघून जायचं. गोवर्धन आला, सामान ठेवलं, बोलला, गेला. कुणी हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. त्याच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. विंगेत मास्तर उभे होते. त्यांनी त्याचे दोन्ही दंड घट्ट धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

ते त्याचं शेवटचं काम. पुढच्या वर्षी लग्न झालं, अकोल्याला बदली झाली. नव्या कचेरीत त्याला कुणी ओळखत नव्हतं. तो सरळ चालायचा, हात खिशात ठेवायचा, नाटकाचं नाव काढत नसे. सुरुवातीला दिवाळीला तो मास्तरांकडं जाई. मग वाटू लागलं, कुणी पाहील, कुणी विचारेल. नलू झाली त्या वर्षापासून गेलाच नाही.

शाळेचा हॉल भरला होता. एका बाजूला बायका, त्यांत इंदू. व्यासपीठावर मास्तरांचा फोटो, टोपी घातलेला. आधी सत्यभामा बोलली. आता तिचे केस पांढरे होऊ लागले होते. मग किसनराव उठले.

"गोवर्धन अढाऊ आपल्यात आले आहेत. जुन्या मंडळींना त्यांची विहिरीवरची बाई आठवत असेल. स्त्रीपार्ट करावा तर त्यांनी! माझी त्यांना विनंती आहे, भाषण राहू द्या. तो प्रवेश एकदा करून दाखवा. मास्तरांना याहून मोठी श्रद्धांजली कोणती?"

टाळ्या सुरू झाल्या. गोवर्धननं बायकांच्या बाजूला पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.  समोर दोनशे-अडीचशे माणसं, मागं भिंत, आणि बाजूच्या दारात खुर्च्या ओढून लोक बसलेले. नाही म्हणावं, तर मास्तरांच्या सभेत मास्तरांनाच नाकारल्यासारखं. हो म्हणावं, तर इंदू.

तो उभा राहिला. "तो प्रवेश मी करनार नाही," तो म्हणाला. टाळ्या थांबल्या. "तो तुमी पायलेला हाय. मास्तरांचं एक काम तुमी कोनी पायलं नाही. ते दाखवतो."

आणि तो चालला. व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. साठीचा एक स्थूल माणूस, टोपी नीट करून, काठी टाकून, हमालासारखं चालायचा प्रयत्न करतो आहे आणि त्याला जमत नाही. वळतो. पुन्हा प्रयत्न करतो. पुढच्या ओळीतली काही माणसं हसली, मास्तरांना ओळखून. तो तिसऱ्यांदा वळला तेव्हा हसणं कमी झालं होतं. पाचव्या फेरीला कुणीच हसत नव्हतं. आपण मास्तरांची झाकलेली गोष्ट उघडी करतो आहोत, हे त्याला चालता चालता कळत होतं. हे बरोबर की चूक, ते त्याला तेव्हाही ठरवता आलं नाही, पुढंही कधी नाही. तो थांबला.

"असं ते पावनेदोन वर्षं चालले," तो म्हणाला. "रोज. त्याहीले कधीच जमलं नाही. मले जमलं." एवढं बोलून तो खाली बसला.

सभा संपल्यावर किसनराव थोडे नाराज दिसले. सत्यभामा मात्र जवळ आली. तिचे डोळे ओले होते. "वर्ग बंद पडला, भाऊ," ती म्हणाली. "मले एकटीले निभत नाही. तुमी इतवारी तरी येत जा."

"पाहू," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. बदनेरा मागं पडलं, दिवस बुडाला. इंदू सकाळसारखीच खिडकीशी बसली होती. 

"विहिरीवरची बाई काहून नाही केली?" तिनं एकदम विचारलं.

"तू बसली होती."

"अन् मी नसती तं?"

त्याचे हात खिशात गेले.

"पाच वर्षं झाली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून त्याला जास्तच भीती वाटली. "पाच वर्षं तुमी घरात पाय मोजून टाकता. म्या म्हनलं, याहीचा सभावच तसा असंन. खिशातून हात काढत नाही मानूस. पोरगी अंगावर आली तं आदी इकडं-तिकडं पायते अन् मंग उचलते. मले वाटे, माहंच काई चुकते. त्या सभेत दोनशे मानसाले ठाव होतं, अन् मले नाही."

"सांगनार होतो."

"कवा?"

मूर्तिजापूर आलं. एक बाई टोपली घेऊन चढली, दारातच बसली. गाडी निघाली.

"इतवारी जात जा तिकडं," इंदू म्हणाली. "त्या बाईले एकटीले होत नाही म्हनते. माह्या माहेरी मी काई सांगनार नाही, तुमाले सांगायचं तं सांगा. पन नलूले तुमीच सांगा. दुसऱ्या कोनाच्या तोंडून तिनं ऐकलं तं मले चालनार नाही."

"तीन वर्षांची हाय ते."

"मोठी होईन."

"सांगीन," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, हे तिचं ठरत नव्हतं, आणि ते तिनं लपवलंही नाही. मग ती पुन्हा खिडकीकडं वळली. बाहेर आता काही दिसत नव्हतं, तरी अकोला येईपर्यंत ती तिकडंच पाहत राहिली.